खडा मूत्रपिंडात, बिघाड गळ्यात

कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत मुतखड्याचा विषय काढून पाहा. एखाद्याला तरी तो होऊन गेलेला असतो आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाकडे त्यावर एक उपाय असतो. कुणी कुळथाचे कढण सांगतो, कुणी पानफुटीची पाने, कुणी नारळपाणी. टोमॅटो आणि पालक बंद करा, दूध कमी करा, हे तर सगळेच सांगतात.

आमच्या परिचयातील एका माध्यमिक शिक्षिकेने हे सगळे केले होते. आठ वर्षांत त्यांना चार वेळा मुतखडा झाला. पहिला यंत्राच्या लहरींनी फोडला, दुसरा आपोआप पडला, तिसरा दुर्बिणीने काढावा लागला. दूध तर त्यांनी पहिल्या खड्यानंतरच सोडले होते. मधल्या काळात हातपाय दुखत, दुपारच्या तासाला उभे राहणे जड जाई, पोट साफ होत नसे, मुलांची नावे पटकन आठवत नसत. पन्नाशी आली, पाळी गेली, आता असे व्हायचेच, अशी त्यांची समजूत इतरांनी घातली आणि त्यांनी ती करूनही घेतली.

चौथ्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी जुन्या कागदांची पिशवी मागितली आणि आठ वर्षांचे अहवाल तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. त्यात रक्तातील कॅल्शियम दोनदा मोजलेले होते. एकदा १०.९ आणि तीन वर्षांनी ११.२. दोन्ही आकड्यांपुढे प्रयोगशाळेने बारीकशी चांदणी छापली होती.

"बाई, या चांदणीबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?" त्यांनी विचारले. कुणीच सांगितले नव्हते. खडा दिसत होता, दुखत होता, म्हणून सर्वांचे लक्ष खड्याकडे होते. बिघाड मात्र मूत्रपिंडापासून हातभर वर, गळ्यात होता.

गळ्यातील ग्रंथी आणि मूत्रपिंडातील खडा यांचा संबंध कसा लागतो, हे या लेखात पाहू. त्यासाठी आधी खडा म्हणजे काय ते पाहावे लागेल.

परीक्षानळीतला मुतखडा

बारावीच्या विद्यार्थ्यांनी मुतखड्याचे रसायनशास्त्र आपल्या हातांनी केलेले असते, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेले नसते. क्षार ओळखण्याच्या प्रयोगात कॅल्शियमची खात्री करण्यासाठी द्रावणात अमोनियम ऑक्झलेट घालतात. क्षणात पांढरा साका तयार होतो. हा साका म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट, आणि माणसाच्या मूत्रपिंडात सर्वांत जास्त आढळणारा खडा याच पदार्थाचा असतो. सर्व खड्यांपैकी साधारण ८० टक्के खड्यांत कॅल्शियम असते. त्यांत ऑक्झलेटचे खडे बहुसंख्य आणि फॉस्फेटचे त्यामानाने थोडे. उरलेले यूरिक आम्लाचे, जंतुसंसर्गाने होणारे आणि क्वचित इतर प्रकारचे.

मग प्रश्न असा पडतो, की लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट दोन्ही सर्वांच्याच असतात, तर साका सर्वांच्याच मूत्रपिंडात का बसत नाही? खरे तर निरोगी माणसाची लघवीही बऱ्याचदा कॅल्शियम ऑक्झलेटने अतिसंपृक्त असते, म्हणजे विरघळू शकेल त्याहून जास्त क्षार तिच्यात असतो. साखरेचा दाट पाक थंड झाल्यावरही काही वेळ तसाच राहतो, तसे हे आहे. लघवीतील सायट्रेट, मॅग्नेशियम आणि काही प्रथिने स्फटिकांना वाढू देत नाहीत. शिवाय लघवी सतत वाहत असल्यामुळे बारीक स्फटिक मोठे होण्याआधीच बाहेर पडतात. हा तोल तीन प्रकारे बिघडतो. पाणी कमी पडते, अडथळा करणारे पदार्थ कमी पडतात किंवा खड्याचा कच्चा माल वाढतो.

पाणी कमी पडण्याबद्दल शिक्षकांना वेगळे सांगायला नको. शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या मुली आणि शिक्षिका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आज आपल्याला तिसऱ्या कारणाकडे, म्हणजे लघवीत कॅल्शियम वाढण्याकडे वळायचे आहे.

गेंड्यात सापडलेली ग्रंथी

गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. थायरॉइड म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे दोन-दोन, अशा बहुधा चार चिमुकल्या ग्रंथी चिकटलेल्या असतात. प्रत्येकीचा आकार मसुराच्या दाण्याएवढा आणि वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. या परावटू ग्रंथी. अवटू ग्रंथीशी त्यांचे नाते फक्त शेजाराचे आहे. आयोडीन, गलगंड यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण नावातील साम्यामुळे घोटाळा होतो आणि 'माझी थायरॉइडची तपासणी झाली आहे, ती नॉर्मल आहे' असे सांगून लोक परावटूचा विषय संपवतात.

इतक्या लहान असल्यामुळे माणसाच्या शरीरातील ठळक अवयवांत त्या सर्वांत उशिरा सापडल्या. त्यांचे पहिले वर्णन माणसावरून झालेले नाही, तर भारतीय गेंड्यावरून! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले. एवढ्या प्रचंड प्राण्याच्या ग्रंथीही मोठ्या, त्यामुळे अवटूला चिकटलेली एक पिवळसर घट्ट गाठ त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी तिची नोंद केली, पण तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

पुढे १८७७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याला कुत्र्याच्या गळ्यात अशीच ग्रंथी दिसली. मग त्याने मांजर, ससा, बैल, घोडा असे करत शेवटी माणसाचे ५० मृतदेह तपासले आणि १८८० मध्ये सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ग्रंथीला नावही त्यानेच दिले. ती काय काम करते हे मात्र त्याला सांगता आले नाही.

ते कळले शल्यचिकित्सकांच्या चुकांतून. गलगंड काढताना नकळत या ग्रंथीही निघून जात आणि काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हातापायांत गोळे येत, बोटे आखडत, झटके येत. १९०९ मध्ये अमेरिकेत मॅककॅलम आणि व्होग्टलिन यांनी दाखवले, की परावटू ग्रंथी काढलेल्या प्राण्यांच्या रक्तातील कॅल्शियम घटते आणि कॅल्शियम टोचले की आचके थांबतात. परावटूचे काम कॅल्शियमशी निगडित आहे हे तेव्हा पक्के झाले.

टाकी, गोळा आणि वरची नळी

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. रक्तात किती असते? १०० मिलिलिटर रक्तद्रवात ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. शरीरातील सुमारे तीन लिटर रक्तद्रवाचा हिशेब केला तर ३०० मिलिग्रॅम. म्हणजे एका मोठ्या पेलाभर दुधात असते तेवढेच! पण मज्जातंतूंतील संदेश, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके, रक्त गोठणे ही सारी कामे या मूठभर कॅल्शियमवर चालतात. म्हणून शरीर ही पातळी फार काटेकोरपणे सांभाळते. हाडांचे काय व्हायचे ते होवो, रक्तातील पातळी ढळू द्यायची नाही, असा त्याचा बाणा असतो.

परावटूच्या पेशींच्या पृष्ठभागावर कॅल्शियम मोजणारा एक ग्राही रेणू असतो. त्याची ओळख १९९३ मध्ये पटली. पातळी किंचित जरी घसरली तरी ग्रंथी ८४ अमिनो आम्लांच्या साखळीचे एक संप्रेरक रक्तात सोडते. त्याला परावटू संप्रेरक किंवा डॉक्टरांच्या भाषेत पीटीएच म्हणतात. ते हाडांतून कॅल्शियम सोडवते. मूत्रपिंडाला सांगते, की कॅल्शियम राखून ठेव आणि फॉस्फेट टाकून दे. मूत्रपिंडाकडूनच ते ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप बनवून घेते आणि त्यामुळे आतडे अन्नातून जास्त कॅल्शियम शोषू लागते. पातळी जागेवर आली, की संप्रेरक थांबते.

घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. तीत तरंगता गोळा असतो. पाणी उतरले की गोळा उतरतो, नळ उघडतो. पाणी चढले की गोळा चढतो, नळ बंद होतो. परावटू ग्रंथी म्हणजे हा गोळा.

जाता जाता एक गोष्ट. माशांना परावटू ग्रंथी नसतात. कॅल्शियम आजूबाजूच्या पाण्यातच असते आणि ते कल्ल्यांतून घेता येते. २००४ मध्ये ओकाबे आणि ग्रॅहॅम या संशोधकांनी असे पुरावे मांडले, की माशांचे कल्ले आणि आपल्या परावटू ग्रंथी गर्भात एकाच प्रकारच्या भागातून, एकाच जनुकाच्या आधाराने घडतात. पाणी सोडून जमिनीवर आलेल्या प्राण्यांनी कॅल्शियमची सोय शरीराच्या आत केली, ती जुन्या कल्ल्यांच्या जागी! उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण वापरून पाहावे.

आता समजा गोळा अडकला. टाकी भरली तरी नळ चालूच आहे. चारांपैकी एखाद्या परावटू ग्रंथीत लहानशी गाठ झाली तर हेच होते. ही गाठ बहुतेक वेळा साधी असते. कर्करोग शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत सापडतो. ८० ते ८५ टक्के रुग्णांत दोष एकाच ग्रंथीत असतो. गाठीतील पेशी रक्तातील कॅल्शियम वाढले तरी संप्रेरक सोडत राहतात.

इथे चौकस विद्यार्थी एक अडचण काढील, आणि ती काढायलाच हवी. हे संप्रेरक मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला सांगते असे आपण म्हटले. मग ते वाढल्यावर लघवीत कॅल्शियम कमी व्हायला हवे. खडे कसे होतात?

पुन्हा टाकीकडे जाऊ. टाकी वाहू लागली की जास्तीचे पाणी बाहेर पडावे म्हणून वरच्या कडेला एक नळी असते. मूत्रपिंड ही ती नळी. परावटू संप्रेरक ही नळी अरुंद करते, हे खरे. पण खालून नळ सतत चालू असेल तर अरुंद नळीमुळे काय होईल? पाणी आणखी चढेल, त्याचा दाब वाढेल आणि अखेर जेवढे आत येते तेवढेच बाहेर पडू लागेल. नळी अरुंद आहे म्हणून सांडणारे पाणी कमी होत नाही, टाकीतील पातळी तेवढी वाढते. शरीरातही तसेच होते. हाडांतून आणि आतड्यातून रोज जे जादा कॅल्शियम रक्तात येते, त्याला बाहेर पडायची मुख्य वाट लघवीचीच. मूत्रपिंड दिवसाकाठी सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम गाळते आणि त्यातील जवळजवळ ९८ टक्के परत घेते. रक्तातील पातळी वाढली की गाळले जाणारे कॅल्शियम वाढते. शिवाय मूत्रपिंडाच्या नलिकांतही तोच ग्राही रेणू असतो. रक्तात कॅल्शियम फार झाले हे त्याला कळते आणि तो त्याला जाऊ देतो. संप्रेरक म्हणते 'राख', ग्राही म्हणतो 'सोड', आणि शेवटी जिंकतो तो हिशेब. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला १०० ते २५० मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. या रुग्णांत ते पुष्कळदा याच्या वर जाते.

त्यात भर म्हणजे हेच संप्रेरक लघवीत फॉस्फेट वाढवते आणि लघवीची आम्लता कमी करण्याकडे तिचा कल नेते. कॅल्शियम फॉस्फेटला अशी लघवी मानवते. म्हणूनच या रुग्णांच्या खड्यांत फॉस्फेटचा अंश इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतो. बाहेर पडलेला खडा फेकून न देता त्याचे रासायनिक परीक्षण करून घ्यावे, ते याचसाठी.

एक ट्राम कंडक्टर आणि एक कप्तान

हा सगळा तर्क आज सरळ वाटतो. १९२० च्या सुमारास मात्र तो नेमका उलटा मांडला जात होता. हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात परावटू ग्रंथी मोठ्या झालेल्या दिसत. व्हिएन्नातील नामवंत विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांचे मत असे, की हाडांच्या रोगाशी झुंजण्यासाठी त्या वाढतात. काही रुग्णांत हे खरेही असते, म्हणून या मताला वजन होते.

१९२५ मध्ये व्हिएन्नातच फेलिक्स मांडल या शल्यचिकित्सकाकडे एक ट्राम कंडक्टर होता. त्याची हाडे इतकी कमकुवत झाली होती, की मांडीचे हाड मोडले आणि तो कुबड्यांवर आला. लघवीतून कॅल्शियम वाहून जात होते. एर्डहाइम यांच्या मताप्रमाणे मांडल यांनी त्याला परावटूचा अर्क दिला. उपयोग झाला नाही. मग अपघातात मरण पावलेल्या माणसाची परावटू ग्रंथी त्याच्या शरीरात बसवली. तरीही नाही. तेव्हा त्यांनी उलट करायचे ठरवले. जुलै १९२५ मध्ये गळा उघडला तर एक परावटू ग्रंथी फुगलेली आढळली, ती काढून टाकली. थोड्याच दिवसांत लघवीतील कॅल्शियम उतरले, हाडांचे दुखणे थांबले आणि पुढे तो काठी टेकत हिंडू लागला. काही वर्षांनी आजार उलटला आणि त्यात तो गेला, पण कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्या एका शस्त्रक्रियेने उलगडले. आमच्या मते मांडल यांचे मोठेपण शस्त्रक्रियेत आहेच, पण त्याहून आधीचे दोन उपाय फसल्यावर 'आपण धरलेली दिशाच चुकीची असेल' हे मान्य करण्यात आहे.

अटलांटिकपलीकडे याच सुमारास चार्ल्स मार्टेल नावाचा व्यापारी जहाजावरचा कप्तान असाच खंगत होता. सहा फुटांहून उंच असलेला हा गडी मणके दबत गेल्याने सुमारे १८ सेंटिमीटरने बुटका झाला. वारंवार हाडे मोडत आणि लघवीतून खर पडे. १९२६ मध्ये तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात आला. निदान बरोबर होते, पण गाठ सापडेना. १९३२ पर्यंत त्याच्या गळ्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या. सातव्या वेळी छातीचे हाड कापून आत पाहिले, तेव्हा गाठ तिथे, छातीच्या पोकळीत मिळाली. गर्भावस्थेत खालच्या परावटू ग्रंथी थायमस या दुसऱ्या ग्रंथीबरोबर गळ्यातून खाली उतरतात. कधी कधी एखादी थांबायच्या जागी न थांबता थेट छातीत जाते. मार्टेलची अशीच गेली होती.

गाठ निघाली, पण उशीर झाला होता. मूत्रपिंडे खड्यांनी आधीच निकामी होत आली होती. सुमारे सहा आठवड्यांनी, मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यावर उपचार झाल्यानंतर, कप्तान दगावला. हाडांसाठी प्रसिद्ध झालेल्या या रुग्णाचा जीव खड्याने घेतला.

त्याच रुग्णालयातील फुलर ऑलब्राइट यांनी यातून एक प्रश्न उचलला. हाडे मोडेपर्यंत वाट का पाहायची? ज्यांना फक्त मुतखडे होतात, हाडे धड आहेत, अशांचे रक्त तपासले तर? तसे तपासल्यावर रुग्ण सापडू लागले. १९३४ मध्ये ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी परावटूचा अतिरेक हा दुर्मिळ नसून अनेक रूपांत भेटणारा आजार आहे असे लिहिले. मुतखडा हे त्यांतले एक महत्त्वाचे रूप.

नॉर्मल आकडा नॉर्मल नसतो तेव्हा

त्या काळी रक्तातील कॅल्शियम मोजणे हे दिवसाचे काम होते. १९७० च्या दशकात स्वयंचलित यंत्रे आली आणि कॅल्शियम इतर तपासण्यांबरोबर आपोआप छापून येऊ लागले. परावटू संप्रेरक मोजण्याची रीत १९६३ मध्ये बर्सन, यॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. रोझलिन यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते किरणोत्सारी अणूंच्या साहाय्याने संप्रेरके मोजण्याच्या अशाच पद्धतीसाठी. आज दोन्ही तपासण्या जिल्ह्याच्या गावी होतात. अडचण मोजण्याची उरलेली नाही, वाचण्याची आहे.

आमच्या परिचयातील बाईंचे परावटू संप्रेरक मोजले ते ५८ आले. अहवालावर छापलेली मर्यादा १० ते ६५. म्हणजे नॉर्मल? घरच्यांना तसेच वाटले आणि सुटल्यासारखे झाले. पण त्याच दिवशीचे कॅल्शियम ११.३ होते. टाकी काठोकाठ भरलेली असताना नळ बंद हवा. अर्धा उघडा असेल तर गोळा बिघडला आहे. कॅल्शियम एवढे असताना निरोगी परावटूचे संप्रेरक छापील मर्यादेच्या तळाला किंवा त्याखाली गेले असते. एकेकटा वाचला तर ५८ हा आकडा निर्दोष, पण ११.३ च्या शेजारी ठेवला की तोच आकडा निदान सांगतो. शाळेत आपण आलेख शिकवतो तेव्हा एका अक्षावरचा आकडा दुसऱ्या अक्षाशिवाय वाचू नका असे मुलांना सांगतो, तीच ही गोष्ट.

यात दोन-तीन खाचखळगे आहेत. रक्तातील निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेले असते, म्हणून अल्ब्युमिन कमी असेल तर आकडा फसवा निघतो. एक आनुवंशिक प्रकार असा असतो, की त्यात रक्तातील आकडे अगदी असेच दिसतात, पण लघवीत कॅल्शियम फार कमी जाते. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. म्हणून २४ तासांची लघवी गोळा करून तपासतात. आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतकी सर्रास आहे, की तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ड कमी असले की कॅल्शियमचे शोषण घटते आणि निरोगी परावटूही जोराने काम करू लागते. तेव्हा संप्रेरक वाढलेले पण कॅल्शियम बेताचे असे चित्र दिसते. उलट ज्याला गाठ आहे त्याच्यात ड ची कमतरता कॅल्शियम खाली ओढून गाठ लपवूही शकते.

हाच संबंध उलट दिशेनेही चालतो. मूत्रपिंडे दीर्घकाळ निकामी होत गेली की फॉस्फेट साचते, ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप कमी बनते, आणि परावटू ग्रंथी वाढतात. एर्डहाइम यांचे मत अशा रुग्णांना लागू पडले असते.

मुतखड्याच्या शंभर रुग्णांत परावटूचा दोष साधारण तीन ते पाच जणांतच निघतो. तेव्हा हा लेख वाचून प्रत्येकाने गळा चाचपत बसण्याचे कारण नाही (चाचपून गाठ लागतही नाही). पण त्या तीन-पाच जणांचे खडे कितीही वेळा फोडले तरी पुन्हा होत राहतात. पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्ण आता नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास सुरू होण्याआधीच सापडतात. भारतातील मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मात्र हाडे दुखणे, अस्थिभंग आणि मुतखडे घेऊनच येणारे रुग्ण अजूनही मोठ्या संख्येने दिसतात. खडा दुसऱ्यांदा झाला, दोन्ही मूत्रपिंडांत झाला, तरुण वयात झाला, खड्यात फॉस्फेट निघाले किंवा सोबत हाडांचे दुखणे आहे, तर रक्तातील कॅल्शियम मोजावे आणि चढे निघाल्यास संप्रेरकही. परावटूचा अतिरेक स्त्रियांत पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त, विशेषतः पाळी गेल्यावर, दिसतो. नेमक्या त्याच वयात थकवा आणि अंगदुखी 'वयाची' म्हणून खपून जाते.

दूध सोडावे का?

बाईंनी आठ वर्षे दूध सोडले होते, ते बरोबर होते का? खड्यात कॅल्शियम, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध बंद, हा तर्क सोपा आहे आणि चुकीचा आहे. १९९३ मध्ये गॅरी करहान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ४५ हजारांवर पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्नातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते! कारण आतड्यात कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकत्र आले तर त्यांचा साका तिथेच बसतो आणि शौचावाटे जातो. कॅल्शियम कमी पडले की ऑक्झलेट मोकळे राहून रक्तात आणि पुढे लघवीत उतरते. साका बनायचाच असेल तर तो आतड्यात बनलेला बरा. २००२ मध्ये इटलीतील बोर्गी यांच्या गटाने वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षे प्रयोग केला. नेहमीएवढे कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी असा आहार हा कमी कॅल्शियमच्या आहारापेक्षा सरस ठरला. परावटूची गाठ असेल तर दूध सोडणे आणखीच निरर्थक. ग्रंथी आपला हप्ता हाडांतून वसूल करते. अर्थात औषधी गोळ्यांतले कॅल्शियम ही वेगळी बाब आहे, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बाईंच्या गळ्यातील गाठ किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून काढलेल्या चित्रात डाव्या बाजूला खाली दिसली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक सुंदर युक्ती वापरतात. परावटू संप्रेरक रक्तात फार थोडा वेळ टिकते. दोन ते चार मिनिटांत ते निम्मे होते. म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासायचे. संप्रेरक निम्म्याहून खाली आले असेल तर दोषी ग्रंथी मिळाली. नसेल तर आणखी एखादी शोधायची. मार्टेलच्या काळी ही सोय असती तर पहिल्या शस्त्रक्रियेतच गाठ हाती लागली नसल्याचे कळले असते, आणि आजची चित्रे असती तर छातीतील गाठ आधीच दिसली असती. बाईंचा आकडा दहा मिनिटांत ६१ वरून १४ वर आला. निघालेली गाठ शेंगदाण्याएवढी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या. कित्येक वर्षे उपाशी असलेली हाडे रक्तातील कॅल्शियम ओढून घेऊ लागली, की असे होते. काही आठवडे त्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावे लागले. या गोष्टीला आता चार वर्षे झाली. नवा खडा झालेला नाही. ग्रंथी काढल्याने जुना खडा विरघळत मात्र नाही. त्यांच्या उजव्या मूत्रपिंडात पाच मिलिमीटरचा एक खडा अजून आहे, आणि दरवर्षीच्या तपासणीत तो तेवढाच भरतो.